पाच नळ्यांचं फूल

घांघरियातून सकाळी लवकर निघून व्हॅली ऑफ फ्लॉवर्सच्या चढाला लागलं की पावसाळ्याच्या दिवसांत पुढे-मागे कुठेतरी मराठी ऐकू येतंच. पुण्या-मुंबईहून आलेले ट्रेकर निळ्या पॉपीच्या शोधात असतात. दुसऱ्या दिवशी हेमकुंडला जाऊन ब्रह्मकमळ बघायचं असतं. या गडबडीत खडकाच्या आडोशाला मान खाली घालून उभं असलेलं एक मळकट जांभळं फूल बहुतेकांच्या नजरेतून सुटतं. ते दिसायला हवं असेल तर वाकावंच लागतं, कारण त्याची सगळी कारागिरी खालच्या आणि मागच्या बाजूला असते.

गुडघ्यावर बसून खालून पाहिलं की आधी बाहेरची पाच रंगीत दलं दिसतात. या पाकळ्या वाटल्या तरी पाकळ्या नव्हेत. कळी झाकून ठेवणारी ती निदलं, इथे तीच रंगून गेलेली असतात. खऱ्या पाकळ्या त्यांच्या आत, त्याही पाचच. यातली प्रत्येक पाकळी मागच्या बाजूला निमुळती होत जाऊन तिची पोकळ नळी झालेली असते आणि नळीच्या बंद टोकाशी मधाचा थेंब असतो. गौरीच्या दिवसांत फुलणारा तेरडा ज्यांनी निरखून पाहिला आहे, त्यांना फुलामागची ती बारीक शेपटी आठवेल. तेरड्याला शेपटी एकच असते. इथे पाच असतात आणि टोकाशी आकड्यासारख्या वळलेल्या असतात.

हे हिमालयातलं कोलंबाईन, शास्त्रीय नाव अ‍ॅक्विलेजिया प्युबिफ्लोरा. काश्मीरच्या उंच कुरणांत याची दोन भावंडं भेटतात: गर्द जांभळं, बुटकं अ‍ॅक्विलेजिया निवॅलिस आणि फिकट मलईच्या रंगाचं, सुवासिक अ‍ॅक्विलेजिया फ्रॅग्रन्स. जगभरात या प्रजातीत साठ-सत्तर जाती आहेत आणि सगळ्या उत्तर गोलार्धातल्या, थंडी अनुभवणाऱ्या प्रदेशांतल्या. युरोपच्या बागांमध्ये शतकानुशतकं लावली जाते ती अ‍ॅक्विलेजिया व्हल्गॅरिस.

मराठीत याला रूढ नाव नाही. इतर भाषांत ज्यांनी नावं दिली त्यांचं मात्र एकमत झालेलं नाही. लॅटिन ‘कोलुंबा’ म्हणजे कबुतर. फूल उलटं धरलं की पाच नळ्या म्हणजे पाच माना आणि बाजूची निदलं म्हणजे पंख; एका ताटलीभोवती पाच कबुतरं दाणे टिपायला जमली आहेत असं दिसतं. तिथून ‘कोलंबाईन’ आलं. ‘अ‍ॅक्विलेजिया’चा संबंध बरेच जण ‘अ‍ॅक्विला’शी, म्हणजे गरुडाशी जोडतात, कारण त्याच नळ्या त्यांना गरुडाच्या वाकड्या नखांसारख्या दिसल्या. इंग्लंडच्या खेड्यांत या फुलाला आजीबाईची टोपी म्हणतात. जपानमध्ये ते ओदामाकी, म्हणजे सुताचा पोकळ गुंडा.

नात्यागोत्यानं पाहिलं तर हे फूल आपल्याला तितकंसं परकं नाही. सह्याद्रीच्या झुडपांवर चढणारी मोरवेल, स्वयंपाकघरातली कलौंजी आणि हिमालयातला जहाल बचनाग हे सगळे याच कुळातले. बचनागाचा गुण कोलंबाईनमध्येही थोडा उतरला आहे. त्याच्या बिया आणि मुळं विषारी असतात, म्हणून लहान मुलं असलेल्या घरात सुकलेल्या शेंगा हाताशी ठेवू नयेत. ससे आणि हरणं सहसा या झाडाच्या वाटेला जात नाहीत, ती यामुळेच.

नळी कोणासाठी?

कोलंबाईनचा उगम आशियातला. तिथून ते उत्तर अमेरिकेत पोहोचलं आणि गिऱ्हाईक बदललं तसं दुकानही बदलत गेलं. युरोप-आशियातल्या बहुतेक जाती निळ्या-जांभळ्या, नळ्या आखूड आणि वळलेल्या. त्यांचं गिऱ्हाईक म्हणजे लांब जिभेच्या गुबगुबीत भुंगेमाश्या. अमेरिकेत हमिंगबर्ड भेटले, तशा लाल-पिवळ्या जाती आल्या, नळ्या सरळ आणि जाड झाल्या. पुढे रात्री उडणारे, लांब सोंडेचे हॉकमॉथ पतंग आले. त्यांच्यासाठी फुलं अंधारात उठून दिसतील अशी पांढरी किंवा फिकट पिवळी झाली, मान वर करून उभी राहिली आणि नळ्या लांबतच गेल्या. काही जातींत नळी जेमतेम पाऊण सेंटिमीटरची असते. टेक्सास, मेक्सिकोकडच्या अ‍ॅक्विलेजिया लाँगिसिमामध्ये ती बारा सेंटिमीटरच्याही पुढे जाते.

कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सांता बार्बरा इथल्या स्कॉट हॉजेस यांनी या फुलांवर अनेक वर्षं काम केलं आहे. जस्टिन व्हिटॉल यांच्यासोबत २००७ मध्ये त्यांनी दाखवलं, की नळीची लांबी हळूहळू, थेंबे थेंबे वाढत गेलेली नाही. परागण करणारा बदलला की ती झपकन वाढते आणि मग बराच काळ तिथेच थांबते. त्याआधी १९९९ मध्ये केलेला एक प्रयोग तर अगदी घरगुती म्हणावा इतका साधा. सिएरा नेवाडा पर्वतातल्या अ‍ॅक्विलेजिया प्युबेसन्सची फुलं मान वर करून उमलतात आणि त्यांच्यावर हॉकमॉथ येतात. संशोधकांनी यातली काही फुलं बांधून खाली झुकवली. फूल तेच, मध तोच, वासही तोच. तरी पतंगांच्या फेऱ्या जवळजवळ दहा पटींनी घटल्या.

नळी इतकी लांबते कशी, याचं उत्तर २०१२ मध्ये मिळालं. लांब नळीत पेशी जास्त असतील असा अंदाज होता. पण पेशींची संख्या जवळपास तीच निघाली, त्याच पेशी लांबट झालेल्या होत्या. भिंत उंच करायला जास्त विटा आणल्या नाहीत, उंच विटा वापरल्या, असा हा प्रकार. चीनमधल्या एका जातीला नळ्याच नसतात. तिची इतरांशी तुलना करताना नळी घडवण्यात कळीची भूमिका असलेलं एक जनुक हाती लागलं. इंग्रजीत नळीला ‘स्पर’ म्हणतात आणि अमेरिकेत सॅन अँटोनियो स्पर्स नावाचा बास्केटबॉल संघ आहे. इव्हान्जेलिन बॅलेरिनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२० मध्ये या जनुकाला स्पर्सच्या तेव्हाच्या प्रशिक्षकाचं नाव देऊन टाकलं: पॉपोविच.

बागेत याचा उपयोग काय? न्यू जर्सी किंवा टोरोंटोच्या परसात लाल-पिवळं अ‍ॅक्विलेजिया कॅनडेन्सिस लावलं तर वसंतात परतणाऱ्या लालकंठी हमिंगबर्डला ते आयतं सापडतं. ते तिथलं स्थानिक झाड आहे. इंग्लंडमधल्या बागेत मात्र नळ्यांच्या टोकांना बारीक भोकं दिसली तर कीड समजून औषध मारायला धावू नये. आखूड जिभेच्या काही भुंगेमाश्यांना नळीतून मध पोहोचत नाही, म्हणून त्या मागून भोक पाडून तो चोरतात. झाडाचं त्यात फारसं काही बिघडत नाही.

बी फ्रीजमध्ये

कोलंबाईन बियांपासून लावणं स्वस्त आणि सोपं, पण घाईच्या माणसाचं हे काम नव्हे. बी दिसायला सब्जासारखं: काळं, दोन मिलिमीटरच्या आसपास, फक्त जास्त चकचकीत. ताजं बी उन्हाळ्याच्या शेवटी, म्हणजे जुलै-ऑगस्टमध्ये शेंगेतून निघाल्या निघाल्या पेरलं तर बऱ्यापैकी उगवतं. पाकिटात वाळलेलं, जुनं बी मात्र झोपी गेलेलं असतं. हिवाळा येऊन गेला अशी त्याची खात्री पटल्याशिवाय ते उठत नाही.

ती खात्री फ्रीजमध्ये पटवता येते. कागदी रुमाल ओला करून नीट पिळायचा, त्याच्या अर्ध्या भागावर बी पसरायचं, उरलेला अर्धा वर दुमडायचा आणि झिपच्या पिशवीत घालून दह्याच्या भांड्याशेजारी ठेवून द्यायचा. बर्फाच्या कप्प्यात नाही, खाली. चार अंश सेल्सिअसच्या आसपास. तारीख पिशवीवर लिहावी, नाहीतर कोणीतरी भलतंच काही समजून ती फेकून देतं. दर आठवड्याला उघडून ओल पाहायची. तीन-चार आठवड्यांनी बी बाहेर काढून बारीक चाळलेल्या, पाणी न धरणाऱ्या मिश्रणावर टाकायचं आणि हलकेच दाबायचं. वर मातीचा थर घालायचा नाही. या बियांना उगवायला उजेड लागतो आणि सवयीनं पाव इंच माती ओढणारा माणूस इथेच फसतो. पाणी झारीनं ओतलं तर बी कोपऱ्यात वाहून जातं, म्हणून फवारणीच करावी किंवा कुंडी पाण्यात ठेवून खालून भिजू द्यावी.

मग वाट पाहायची. पंधरा ते वीस अंश तापमानात महिनाभरात हिरवे ठिपके दिसू लागतात. कधी दोन-तीन महिनेही लागतात. आधी दोन साधी पानं, मग तीन भागांचं पहिलं खरं पान येतं. ते कोथिंबिरीच्या पानासारखं दिसतं, फक्त रंग जरा निळसर. पहिल्या वर्षी एवढंच, नुसती पानांची गादी. फूल दुसऱ्या वसंतात.

हलवायचं ते लहानपणीच

या झाडाचं मूळ गाजरासारखं सरळ खाली जातं. एकदा ते खोल गेलं की झाडाला जागा बदललेली सोसत नाही. रोपाला चार-पाच खरी पानं आली की त्याला कायमच्या जागी न्यावं आणि नंतर त्याच्या वाटेला जाऊ नये. शेवंतीसारखी गड्डी फोडून रोपं वाटण्याची पद्धत इथे सहसा महागात पडते.

जागा निवडताना जंगलाची कड डोळ्यांसमोर आणावी. सकाळचं ऊन आणि दुपारची सावली मिळेल, पानगळीचा कुजलेला थर असेल, उतारामुळे पाणी साचत नसेल, तिथे ते सुखी असतं. थंड उन्हाळ्याच्या प्रदेशात पूर्ण ऊनही चालतं. उन्हाळा कडक असेल तर सावली हवीच, नाहीतर जूनमध्येच पानं पिवळी पडून झाड झोपी जातं. माती किंचित आम्लधर्मी ते उदासीन असावी. दोन रोपांत तीस ते पंचेचाळीस सेंटिमीटर अंतर ठेवलं की हवा खेळती राहते. कंपोस्ट वर्षातून एकदा पुरे. नत्र जास्त झालं की पानं माजतात आणि फुलांचे दांडे लुळे पडतात. हिवाळ्यात वरचं सगळं वाळून जातं, ते मेलं असं समजून उपटू नये. आच्छादन घालताना मात्र ते झाडाच्या मध्यावर येऊ देऊ नये, कारण तिथल्या कोंबांना ओल साचली की कुज लागते.

बुटकं, कुंडीत शोभणारं झाड हवं असेल तर जपानकडचं अ‍ॅक्विलेजिया फ्लॅबेलाटा निवडावं. उंच आणि मोठ्या फुलांचं हवं असेल तर ‘मॅकॅना जायंट’ हे संकरित बी. १९५५ मध्ये अमेरिकेत ‘ऑल-अमेरिका सिलेक्शन्स’चा पुरस्कार मिळाल्यापासून ते टिकून आहे.

बेभरवशाची लेकरं

कोलंबाईनचं एक झाड तीन ते पाच वर्षं जगतं. तरीही इंग्लंडच्या बागांमध्ये पिढ्यान्‌पिढ्या तीच फुलं असल्यासारखं वाटतं, कारण झाड स्वतःच्या जागी स्वतःची लेकरं सोडून जातं. फूल खाली मान घालून उमलतं आणि फळ धरताना देठ ताठ होतो. पाच टोकदार शेंगांचा झुबका आकाशाकडे तोंड करतो, वाळतो आणि वरून उघडतो. वाऱ्यानं दांडा हलला की बी आजूबाजूला उडतं. विटांच्या फटीत, गुलाबाच्या बुंध्याशी, पायरीच्या कोपऱ्यात पुढच्या वर्षी रोपं दिसतात.

ही रोपं आईसारखीच निघतील याचा मात्र भरवसा नाही. कोलंबाईनच्या जातींचा आपसांत सहज संकर होतो. निळं आणि गुलाबी शेजारी लावलं की तिसऱ्या वर्षी फिकट जांभळ्याच्या दहा छटा हजर. ज्यांना ही गंमत आवडते त्यांनी काहीच करू नये. ज्यांना एकच रंग राखायचा आहे त्यांनी पहिली कळी उमलताच नको असलेलं झाड काढावं. शेंगा धरेपर्यंत थांबलं तर परागकण शेजारी पोहोचलेले असतात. आणि ज्यांना रोपांची गर्दीच नको, त्यांनी फुलं सुकताच दांडे बुडाशी कापावेत.

या गोंधळातून बाहेर राहिलेलं एक फूल प्रसिद्ध आहे, ‘नोरा बार्लो’. गुलाबी, हिरव्या आणि पांढऱ्या अरुंद पाकळ्यांचा भरगच्च गेंद, छोट्या डेलियासारखा. अशी भरगच्च कोलंबाईन इंग्लंडमध्ये सतराव्या शतकापासून माहीत आहेत. हे नाव मात्र विसाव्या शतकातलं. नोरा बार्लो (१८८५–१९८९) म्हणजे चार्ल्स डार्विनची नात. वनस्पतींच्या अनुवंशशास्त्रात त्यांनी विल्यम बेटसन यांच्यासोबत काम केलं आणि कोलंबाईनचे संकर स्वतः करून पाहिले. आजोबांच्या आत्मचरित्रातला कुटुंबानं गाळलेला मजकूर परत घालून त्यांनी ते १९५८ मध्ये प्रसिद्ध केलं. रोपवाटिकाकार अ‍ॅलन ब्लूम यांनी या फुलाला त्यांचं नाव दिलं. ‘नोरा बार्लो’ला नळ्या नसतात, त्यामुळे मधासाठी येणाऱ्या माश्यांची वर्दळ कमी. म्हणूनच ते बियांपासूनही बरंचसं आईसारखं निघतं.

नळी गमावणं झाडाच्या तोट्याचंच असेल असं वाटतं. पण कोलोरॅडोत रानात असं बिननळीचं कोलंबाईन टिकून आहे आणि ते का टिकलं, हे २०२२ मध्ये हॉजेस यांच्याच गटानं शोधलं. भुकेली हरणं आणि मावा नळीवाल्या फुलांवर जास्त तुटून पडतात. बिननळीची फुलं त्यातून वाचतात.

पानांवरची नागमोडी रेघ

उन्हाळ्याच्या सुरुवातीला पानांवर पांढऱ्या नागमोडी रेघा उमटतात. टोमॅटोच्या पानांवर नागअळी पाहिलेल्या शेतकऱ्याला त्या लगेच ओळखू येतील. एका छोट्या माशीची अळी पानाच्या दोन पडद्यांमधून खात पुढे सरकते आणि मागे ही रेघ सोडते. दिसायला वाईट, पण झाड मरत नाही. बहर संपल्यावर सगळी पानं जमिनीलगत कापून टाकली की थोड्या दिवसांत नवी, स्वच्छ पानं फुटतात. हिरव्या अळ्यांचं प्रकरण जरा निकराचं. करवतमाशीच्या या अळ्या पानाच्या रंगात मिसळून जातात आणि दोन-तीन दिवसांत नुसत्या शिरा ठेवतात. एप्रिल-मेपासून पानं उलटून पाहण्याची सवय ठेवावी, दिसतील त्या अळ्या हातानं वेचाव्यात.

खरी धास्ती केवडा रोगाची. ब्रिटनमध्ये तो कोलंबाईनवर २०१३ मध्ये पहिल्यांदा आढळला. पानांवर फिकट पिवळे डाग पडतात, खालच्या बाजूला पांढरी लव दिसते, कडा गुंडाळतात, पुढे दांड्यांवर जांभळट चट्टे येतात आणि फुलं वेडीवाकडी होतात. द्राक्षबागायतदाराला केवड्याची भीती सांगावी लागत नाही, पण त्याच्याजवळ फवारे तरी असतात. इथे घरच्या बागेत वापरण्याजोगा इलाज नाही. झाड मुळासकट काढून नष्ट करायचं, ते कंपोस्टमध्ये टाकायचं नाही आणि त्या जागी किमान वर्षभर कोलंबाईन लावायचं नाही. रोगाचे टणक बीजाणू मातीत दबा धरून बसतात. पानांवर येणारी साधी भुरी मात्र वेगळी. ती पानाच्या वर पिठासारखी दिसते आणि पाण्याची ओढ बसलेल्या झाडावर येते.

पुण्याच्या गच्चीत का नाही?

सफरचंदाला हिमाचलची थंडी का लागते, याचं जे उत्तर तेच इथेही लागू पडतं. कोलंबाईनचं रोप आधी डझनभर पानांचं व्हावं लागतं आणि त्यानंतर साधारण आठ ते बारा आठवडे पाच अंशांच्या आसपासची थंडी मिळाली, तरच त्याच्या पोटात फुलाचा कोंब धरतो. पुण्या-नाशिकची कडाक्याची रात्र थंडीत कधी तिथवर उतरते, पण दुपार पुन्हा पंचवीस-तीस अंशांवर जाते. बी फ्रीजमध्ये ठेवता येतं, वाढलेल्या कुंड्या ठेवता येत नाहीत. त्यात मे महिन्याची काहिली आणि जूनची ओल. रोप उगवतं, पानं सुंदर येतात, आणि बहुतेक वेळा गोष्ट तिथेच थांबते. फूल बघायचं असेल तर मनाली, काश्मीर किंवा नैनितालकडच्या एखाद्या डोंगरी बागेत बघावं. परदेशातल्या थंड गावात घर असेल तर पायरीशी चिमूटभर बी टाकावं.

रानातलं फूल तोडायला मात्र काही ठिकाणी मर्यादा असते. कोलोरॅडो राज्याचं राज्यफूल कोलंबाईनच आहे, ४ एप्रिल १८९९ पासून. त्याआधी १८९१ मध्ये शाळकरी मुलांनी मतदान करून त्याला निवडलं होतं. पांढऱ्या-निळ्या अ‍ॅक्विलेजिया सेरुलियाला लोक इतक्या हौसेनं तोडू लागले, की १९२५ मध्ये कायदा करावा लागला. सार्वजनिक जमिनीवर माणशी एका दिवसाला फार तर पंचवीस दांडे, कळ्या किंवा फुलं. मुळासकट उपटायला मनाई. दंड पाच ते पन्नास डॉलर. मुळासकट नेलेलं झाड नव्या जागी रुजणं कठीणच, त्यामुळे कायदा नसता तरी नेणाऱ्याच्या हाती फारसं काही लागलं नसतं.

घरच्या बागेतलं बी न्यायला असली काही मर्यादा नाही. ऑगस्टच्या कोरड्या दुपारी, शेंगा तपकिरी झाल्या की दांडा कागदी पाकिटात उलटा करून दोनदा झटकला, तरी दोन-तीनशे काळे दाणे खळखळत पाकिटाच्या तळाशी येतात. पाकिटावर फुलाचा रंग आणि वर्ष लिहायचं आणि वरचा काठ दुमडून ते फ्रीजच्या दारात उभं करायचं.